दोन पेन्सिल सेल

डोक्कुमच्या आमच्या दुकानात पूर्वी
पिसवांची पावडर, गळ्यातले पट्टे
आणि दाण्यांची पोती, एवढंच असायचं.
कुत्रं घाबरलं तर लोक म्हणत,
घाबरू दे, कुत्रं आहे.
आता खिडकीपासून काउंटरपर्यंत अख्खी रांग
नुसत्या भीतीची.
मीच लावते ती. दर सोमवारी धूळ पुसते.

अंगाला दाबून धरणारं जाकीट, सहा मापांत.
चाटत बसायची रबरी थाळी,
जीभ गुंतली की जीव थाऱ्यावर येतो म्हणे.
भांगेच्या बियांचं तेल, ड्रॉपरसकट.
अश्वगंधा घातलेली बिस्किटं.
हा शब्द इथे कुणाच्याच तोंडात बसत नाही,
आमची मालकीण त्याला 'ते लांबचं मूळ' म्हणते
आणि दोन युरो जास्त लावते.

सगळ्यात जास्त खपते ती प्लगमध्ये खोचायची बाटली.
पिलांना पाजणाऱ्या मांजरीच्या अंगाला जे काही येतं,
वास म्हणावा तर माणसाच्या नाकाला कळत नाही,
त्याची कारखान्यात केलेली नक्कल.
तीस दिवस पुरते आई.
मग रीफिल.

रिन्स्के येते जेवणाच्या सुट्टीत, ओला छत्रीचा दांडा काखेत.
सगळे घरात कोंडले होते त्या वर्षी घेतलेलं पिल्लू,
आता ती ऑफिसात आणि ते दाराकडे बघत.
तिने कॅमेरा बसवला, कॅमेऱ्यातून हाकही मारता येते.
हाक मारली तर ते कॅमेऱ्याच्या मागे जाऊन तिला शोधतं.
मग तिने हाक मारणं बंद केलं.
आता नुसती बघते.

सीत्सेच्या मांजरीने पोट चाटून चाटून
उघडं पाडलंय, पुरीएवढं.
घरात अलीकडे काही बदल?
पाकिटावरचा प्रश्न मी वाचून दाखवते.
काही नाही, तो म्हणतो.
मग म्हणतो, एक कपाट गेलं.
कपाट कोण घेऊन गेलं हे पाकिटावर विचारलेलं नाही.

लागू पडतं का हो खरंच?
सगळेच विचारतात, पैसे काढता काढता.
कुणाला पडतं, कुणाला नाही, मी सांगते.
याहून जास्त मला ठाऊक नाही
आणि याहून कमी सांगितलं तर मालकीण ऐकते.

डिसेंबर संपत आला की गावाबाहेरच्या कुरणात
पोरं दुधाच्या जुन्या कॅनमध्ये कार्बाइड भरतात,
थुंकतात, झाकण ठोकतात, बत्ती लावतात.
खिडक्यांची तावदानं दातांसारखी वाजतात.
त्या आठवड्यात जाकिटांचं मधलं माप संपतं.

तीस तारखेला टेरप्स्ट्रा आले.
चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडला-मिटला त्यांनी,
अजून दारातून आत येताना क्षणभर थांबतात,
जणू खालून बोट जायची आहे.
म्हणाले, दोन पेन्सिल सेल.

बाउका नोव्हेंबरातच गेला, हे मला माहीत होतं.
न उघडलेली दोन पोती मीच परत घेतली होती,
पावतीवर मीच सही केली होती.
त्याला घेतलेलं कापडी मेंढरू मात्र परत आलं नव्हतं,
पोटात बॅटरीचं काळीज असलेलं,
कुशीत घेतलं की टुक टुक करणारं.

रिमोटला हवेत, ते न विचारताच म्हणाले.
मी सेल दिले. त्यांनी सुटे मोजले,
पाच सेंट जास्त झाले ते परत उचलले.
दारात थांबले, बोट जाऊ दिली.
रात्री ठोके चुकतात त्याचे, म्हणाले,
आणि गेले.

घरी माझी प्यित जाकिटांच्या रिकाम्या खोक्यात झोपली होती.
खोकं फुकटचं. आतलं सगळं सवलतीत आणलेलं,
तसंच पडून आहे.
कुरणाकडून दणका आला.
तिने झोपेतच एक कान तिकडे वळवला, परत आणला.
मी हातातला कप खाली ठेवला,
दोन्ही हातांनी.